काळ्या जमिनीवरचा स्विमिंग पूल: कडप्पा का उखडला आणि त्याच्या जागी काय बसवले

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, काटोल-नरखेडच्या संत्रा पट्ट्यातले हे शेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, त्यानंतर या भागात शेतावरची पर्यटन केंद्रे वाढली, त्यांतलेच हे एक. राहायला तीन खोल्या, मागे संत्र्याची बाग, हिवाळ्यात हुरडा, सुट्टीच्या दिवशी रोडगे-वरण आणि वांग्याची भाजी. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि कुटुंबाचे तपशील गाळले आहेत.

पूल १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. खोली एका टोकाला ९० सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला १.४ मीटर. पाणी साधारण ५७ हजार लिटर. टाकीचे आरसीसी काम चांगले होते: एम-३० प्रतीचे काँक्रीट, सळई पुरेशी, पाया काळी माती काढून मुरुमावर घेतलेला. टाकी हलली नाही, चिरली नाही, गळलीही नाही. बिघडले ते सगळे वरचे.

आतून बाथरूमच्या भिंतीला लावतात त्या निळ्या चकचकीत टाइल्स होत्या. काठाभोवती १.८ मीटर रुंदीचा पट्टा, त्यावर पॉलिश केलेला काळा कडप्पा. त्यापलीकडे सुमारे ९० चौरस मीटर अंगण, राखाडी पेव्हर ब्लॉकचे, आणि त्याच्या कोपऱ्यात रोडगे भाजायची जागा.

शेतात बरड जमीन होती. तिथे मुरूम दोन फुटांवर लागतो आणि पीक धड येत नाही. पण पूल बांधला घराजवळच्या भारी काळ्या जमिनीत, कारण तिथून बाग दिसते. पुढच्या खर्चाचा मोठा भाग या एका निवडीतून आला.

काय बिघडले

पहिल्या उन्हाळ्यातच तक्रार आली की दुपारी कडप्प्यावर पाय टेकवत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर कडप्प्याचे सांधे उघडले. दुसऱ्या वर्षी बागेकडचा पट्टा वर उचलला गेला, समोरचा खाली बसला, आणि बागेकडच्या बाजूचा ढाळ उलटा होऊन पुलाकडे वळला. पाऊस पडला की काठावरची काळी माती थेट पाण्यात. ओल्या कडप्प्यावरून दोन पाहुणे घसरले, एकाचे मनगट मोडले. तिसऱ्या वर्षापर्यंत आतल्या टाइल्सवर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे आले होते आणि पूर्वेच्या भिंतीवरून टाइल्स गळून पडू लागल्या होत्या.

मालकाची पहिली समजूत अशी की माल हलका निघाला. ठेकेदाराचे म्हणणे, जमीनच खराब. दोन्ही अर्धवट खरे होते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोन दिवस फक्त तपासणीला दिले.

पट्ट्याच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक खड्डा घेतला. बागेकडच्या खड्ड्यात फूटभर खाली माती लोण्यासारखी ओली. समोरच्या खड्ड्यात तीच माती कोरडी ठक्क, अंगठा जाईल एवढ्या भेगा. बागेकडे ठिबकची शेवटची नळी पट्ट्यापासून हातभरावर होती. ती माती उन्हाळाभर भिजून फुगलेली राहायची, दुसरी बाजू वाळून आकसायची. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. फरशीच्या हिशोबात एवढीच भर घालायची की जमीन सगळीकडे सारखी फुगली तर फरशी फारशी तक्रार करत नाही. एक बाजू फुगली आणि दुसरी आकसली की ती मोडते. इथे कडप्प्याखाली १०० मिलिमीटर साधे काँक्रीट, त्याखाली वीतभर मुरूम आणि त्याखाली थेट काळी माती होती. पट्ट्याचे काँक्रीट टाकीच्या भिंतीला घट्ट चिकटवलेलेही होते. टाकी जागची हलत नाही, जमीन हलते, आणि तडा पडतो तो दोघांच्या मधे.

आतल्या टाइल्सची तपासणी सोपी. सळईच्या टोकाने एकेक टाइल ठोकायची आणि पोकळ वाजली तिथे खडूने फुली मारायची. पूर्वेची भिंत, जिच्यावर दुपारनंतरचे ऊन पडते, जवळजवळ सगळी फुल्यांनी भरली. गळून पडलेल्या टाइल्सच्या पाठीवर सिमेंटचे पाच ठिपके दिसत होते: चार कोपऱ्यांत, एक मधे. उरलेली जागा मोकळी, तिथे पाणी साठलेले. शिवाय भिंतीची टाइल मातीची असते आणि वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. ओलीने तिचे अंग किंचित वाढते, वरची काचेसारखी झिलई वाढत नाही, म्हणून झिलईला भेगांचे जाळे येते. त्यात दर मे महिन्यात ‘साफसफाईसाठी’ पूल रिकामा करून आठवडाभर उन्हात ठेवायची पद्धत. पाण्याखाली ३० अंशांवर असणारी भिंत एकदम तापते, टाइल आणि मागचे प्लास्टर वेगवेगळ्या मापाने पसरतात आणि पाच ठिपक्यांची पकड सुटते.

पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा थर होता. तो काढायला दर महिन्याला बाथरूम धुण्याचे ॲसिड वापरले जाई. थर निघे, त्याबरोबर सांध्यांतले सिमेंटही खरवडून निघे. काठावर सांडलेल्या ॲसिडने कडप्प्याची चकाकी ठिकठिकाणी गेलेली होती. कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्ल लागले की फसफसतात. पाहुणे जिथे बसून संत्री सोलायचे, नेमक्या त्या जागी कडप्प्यावर पावलीएवढे मंद डाग होते. संत्र्याच्या पट्ट्यात हे डाग पडणारच, एवढे तरी दगड घेताना लक्षात यायला हवे होते.

आतल्या पृष्ठभागाचे पर्याय

काचेची मोझॅक सगळ्यांना आवडली होती. दिसायला देखणी, पाणी अजिबात पीत नाही, आम्लाला दाद देत नाही. अडचण सांध्यांची. २० मिलिमीटरचे तुकडे, ४ मिलिमीटर जाड, सांधा २ मिलिमीटर धरला तर चौरस मीटरला सुमारे १.३ किलो इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा रसायनी माल, लागतो. आतला पृष्ठभाग ८५ चौरस मीटर, म्हणजे ११० किलोच्या आसपास. तीच जागा ३०० बाय ३०० च्या ८ मिलिमीटर जाड व्हिट्रिफाइड टाइलने, ३ मिलिमीटर सांधा ठेवून केली तर चौरस मीटरला पाव किलो, एकूण २२ किलो. इपॉक्सी ग्राउट हा या कामातला सर्वांत महाग माल, आणि त्याला झटपट, नीट पुसणारा हात लागतो. तालुक्याच्या ठिकाणी असा कारागीर मिळत नव्हता. वेळेत न पुसलेले इपॉक्सी काचेवर कायमचा धुरकट पडदा धरते.

पीव्हीसी लायनरचा, म्हणजे आतून पसरायच्या प्लास्टिकच्या कापडाचा, दर सर्वांत कमी आला. बारीक तड्यांवरून तो ताणून जातो, जुन्या टाइल्स सगळ्या काढाव्याही लागत नाहीत. शहरालगतच्या कुंपणबंद पुलाला तो नक्की विचारात घ्यावा. या शेतात मात्र रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर येतात आणि याआधी एक रोही पुलात पडलेलाही होता. खूर एकदा लागला की लायनर फाटतो, फाटलेली जागा शोधायला पाणी उतरवावे लागते. इपॉक्सी रंग तर विचारातच घेतला नाही: दोन-तीन वर्षांनी पोपडे, पुन्हा तेच काम. पांढरे सिमेंट आणि संगमरवरी चुऱ्याचे प्लास्टर स्वस्त पडते, पण वर सांगितलेली ॲसिडची सवय सुटली नसती तर ते दोन हंगामांत खरबरीत झाले असते.

निवड व्हिट्रिफाइडवर ठरली. पाणी पिण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी; खोक्यावर किंवा कंपनीच्या पत्रकावर तो आकडा छापलेला असतो, तो पाहूनच माल घेतला. रंग फिका आकाशी. गडद निळ्यावर क्षारांची पांढरी रेषा ठळक उठते, फिक्यावर लपते. शिवाय तळ स्वच्छ दिसतो, आणि लहान मुले पाण्यात असताना तळ दिसणे ही शोभेची बाब नाही.

काठ आणि पट्टा

इथे दोन प्रश्न होते: पाय भाजणे आणि पाय घसरणे. दुकानात दोन्हींचे उत्तर मिळत नाही. तिथे एसी असतो आणि पायांत बूट असतात.

घसरण्यासाठी खोक्यावर ‘अँटी-स्किड’ लिहिलेले असते, त्यावरून काहीच कळत नाही. आर-९ ते आर-१३ हे आकडे बूट घालून, तेलकट उतारावरच्या चाचणीचे. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी असे वर्ग वेगळे असतात: १२, १८ आणि २४ अंशांच्या उतारावर साबणाच्या पाण्यातही पाय धरून राहिला तर अनुक्रमे तो वर्ग. पुलाच्या काठाला निदान बी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना सी हवा. स्थानिक दगडाला आणि पेव्हरला असा कागद कोणी देत नाही, म्हणून घरगुती चाचणी केली. दोन मीटरच्या फळीवर नमुन्याचे तुकडे चिकटवले, साबणाचे पाणी ओतले, वर दोर बांधून धरायला दिला आणि फळीचे एक टोक उचलत नेले. टोक ६२ सेंटिमीटर उचलले की उतार १८ अंश, ८१ सेंटिमीटरला २४ अंश. प्रयोगशाळेची बरोबरी यात नाही, पण पॉलिश कडप्पा २० सेंटिमीटरलाच सुटला आणि घरात कोणाला आणखी पटवायची गरज उरली नाही.

उष्णतेसाठी सहा नमुने गच्चीवर ठेवून दुपारी तीनला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले. ऑक्टोबरचा महिना, हवा ३३ अंश. पॉलिश कडप्पा ५४. गडद रंगाची डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची) फळी ५२. पाहुण्यांना लाकडासारखी वाटते, तापते मात्र दगडासारखी. राखाडी पेव्हर ४७. खरबरीत कोटा ४५. फिका राखाडी ग्रॅनाइट ४४. मळकट पांढरा पेव्हर ४२. चकाकत्या दगडावर हे यंत्र कमी आकडा दाखवते, म्हणून प्रत्येक नमुन्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजले.

आकडे पाहून एकच माल सगळीकडे लावायचा मोह होतो. इथे तो बाजूला ठेवला. टाकीला जे चिकटलेले आहे ते टाकीबरोबर राहील आणि जमिनीवर जे आहे ते जमिनीबरोबर हलेल, म्हणून दोघांना वेगळा माल आणि मधे उघडा सांधा: हा या प्रकरणातला मुख्य निर्णय.

टाकीच्या भिंतीवरच्या कोपिंगला, म्हणजे काठाच्या दगडाला, ३० मिलिमीटर जाड फिका ग्रॅनाइट घेतला, आगीने फुलवून वर ब्रश मारलेला. संत्र्याचा रस, हळद, सावजी रश्श्याची तर्री यांतले काहीही त्यात सहजी मुरत नाही, आणि चुकून ॲसिड लागले तरी तो मरत नाही. बेज सँडस्टोन जास्त सुंदर दिसला असता. पण तो पाणी पितो, पाण्यातले क्षार त्याच्या अंगात जाऊन सुकतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. सीलर मारून हे लांबवता येते, पण तो वेळोवेळी पुन्हा मारावा लागतो. हुरड्याच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात राहणार?

बाहेरच्या पट्ट्याला मळकट पांढरे, ६० मिलिमीटर जाड पेव्हर, रेतीच्या थरावर. नवे काँक्रीट टाकून त्यावर २० मिलिमीटरच्या बाहेरच्या व्हिट्रिफाइड लाद्या बसवायचा प्रस्ताव ठेकेदाराचा होता आणि बरड जमिनीवर तो योग्य ठरला असता. भारी जमिनीवर जे बसले ते उचलून पुन्हा बसवता येणे, हा गुण दिसण्यापेक्षा मोठा.

अंगणाचे जुने राखाडी पेव्हर तसेच ठेवले. फक्त रोडग्यांच्या कोपऱ्यातले काढले. ओल्या काँक्रीटवर गोवऱ्यांचा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होऊन वरचे पापुद्रे उडतात. ते खड्डे आधीच दिसत होते. तिथे दोन मीटर चौकोनात रेतीवर भट्टीच्या विटा कोरड्याच मांडल्या.

वेळेचा निर्णय

मालकाला सगळे हुरड्याच्या हंगामाआधी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत हवे होते. सप्टेंबरअखेर सुरुवात धरली तर ते बसत नव्हते. दोन सुचवण्या आल्या: पाणी भरून घ्यायची गळती चाचणी टाळावी, किंवा टाइल बसवल्यावर आठवड्यातच पाणी भरावे. दोन्ही नाकारल्या, आणि कारण साधे होते. डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो. हुरडा खायला आलेला माणूस पुलात उतरत नाही. पुलाची खरी मुदत मार्चची होती. अंगण आणि पट्टा डिसेंबरात उघडला, पुलाभोवती तात्पुरते कुंपण घातले आणि आतले काम सावकाश केले.

उन्हाळ्यात काम ठेवले नाही, त्यालाही कारण आहे. टाइल चिकटवायचा माल पसरल्यावर साधारण २० मिनिटे उघडा राहू शकतो. एप्रिल-मेच्या झळांत पाच-सात मिनिटांतच त्यावर साय धरते, टाइल वरवर चिकटते आणि पुढच्या वर्षी पोकळ वाजते.

पावसाळ्यात तर पूल रिकामा करायचाच नाही. भारी जमिनीत टाकीसाठी खणलेला खड्डा म्हणजे पाणी न जिरणारे डबके. भोवती पाणी चढलेले असताना टाकी रिकामी केली तर ते तिला खालून उचलते. म्हणून टाकीच्या कडेला तळाच्या पातळीपर्यंत ११० मिलिमीटरचा, भोके पाडलेला पीव्हीसी पाइप उभा पुरला. त्यात दोरी सोडून पाहायचे. पाणी दिसले तर उपसा नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाइप कोरडा दिसला, तेव्हाच मोटर लावली. चार दिवस आधी क्लोरिन बंद केले होते आणि पाणी बरडावरच्या गवतावर सोडले. संत्र्याला क्लोराइड सोसत नाही, पानांचे शेंडे करपतात. फिल्टर उलटा धुतल्याचे (बॅकवॉशचे) पाणीही तेव्हापासून बागेत जात नाही.

काम कसे झाले

जुन्या टाइल्स आणि प्लास्टर फोडून काँक्रीटपर्यंत उघडे केले, पाण्याच्या जोरदार झोताने धुतले. ॲसिड कुठेही नाही. कोपऱ्यांना गोल वाटा मारल्या, पॉलिमर मिसळलेले नवे प्लास्टर केले, ते २८ दिवस ठेवले आणि त्यावर सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे मारले. वाळल्यावर पाणी भरून आठवडाभर मुरू दिले आणि पुढचा आठवडा पातळी मोजली. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, तिच्यात आत आणि बाहेर रेषा मारली. दोन्हीकडची घट सारखी असेल तर ते बाष्पीभवन. बाहेरची जास्त असेल तर गळती. घट सारखी निघाली.

टाइलसाठी सी२टीई एस१ वर्गाचा, म्हणजे थोडा लवचीक माल घेतला. २० किलोची गोणी ३ मिलिमीटरच्या थराने सुमारे ४ चौरस मीटर पुरते. पण पाण्याखालच्या टाइलला भिंतीवर १० मिलिमीटर खाचेच्या थापीने आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात द्यावा लागतो. तुटफुट धरून ९४ चौरस मीटरसाठी ३० गोण्या लागल्या. दर वीस टाइल्समागे एक लगेच उचलून पाठ पाहायची: पूर्ण भरलेली नसेल तर शेजारच्या चारही काढायच्या. पहिल्या दिवशी अशा नऊ निघाल्या, तिसऱ्या दिवसानंतर एकही नाही. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे ग्राउट न भरता पुलासाठीचे सिलिकॉन भरले. शेवटच्या टाइलनंतर २१ दिवस थांबून, दिवसाला अर्धा-पाऊण मीटर या चालीने पाणी चढवले.

पट्ट्याचे काम मातीचे. रुंदीत ६० सेंटिमीटर जास्त धरून सुमारे ९५ चौरस मीटर जागा ९० सेंटिमीटर खोल खणली, एका वेळी एकच बाजू. निघालेली ८५ घनमीटर काळी माती बागेतल्या वाफ्यांना गेली. तळाशी गिट्टीत भोकांचा पाइप टाकून तो उताराने बरडाकडे काढला. नाहीतर मुरुमाने भरलेला खंदक म्हणजे पुन्हा डबकेच. बागेकडच्या बाजूला मीटरभर खोल जाड प्लास्टिकचा उभा पडदा घातला, ठिबकची नळी तीन मीटर मागे नेली. मग मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलर आणि धुम्मसाने दाबत ६५ सेंटिमीटर; सैल मोजून ७५ घनमीटरच्या पुढे लागला. त्यावर १५ सेंटिमीटर गिट्टी-चुरी, ४ सेंटिमीटर रेती, वर पेव्हर. बाहेरच्या कडेला काँक्रीटची कर्ब, कारण कड मोकळी असली की पेव्हर पसरतात. ढाळ पुलापासून बाहेर, १.८ मीटरला ३ सेंटिमीटर, पुढे नाली.

कोपिंग आणि पेव्हर यांमधला १५ मिलिमीटरचा सांधा कागदावर ठळक दाखवलेला होता: फोमची दोरी आणि वर पॉलिसल्फाइड सीलंट. एका सकाळी तो सिमेंटने गुळगुळीत भरलेला आढळला. मिस्त्रींचे म्हणणे, “सांधा असा उघडा सोडला त लोकं म्हणतीन का काम अर्धंच ठेवलं जी.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, आजवर त्यांनी प्रत्येक सांधा भरूनच काम पुरे केले होते. दुपारपर्यंत सिमेंट कोवळे होते म्हणून छिन्नीनेच निघाले. दोन दिवसांनी कटर लावावा लागला असता आणि ग्रॅनाइटची कड उडाली असती. असल्या सांध्याचे कारण कागदावर लिहून भागत नाही, काम सुरू होण्याआधी मिस्त्रींना उचललेला कडप्पा दाखवून सांगावे लागते.

निकाल

एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. मे महिन्यात, हवा ४५ अंश असताना दुपारी तीनला गच्चीवर राखून ठेवलेला कडप्प्याचा तुकडा ६८ वर होता, ग्रॅनाइट ५५, पांढरे पेव्हर ५१. म्हणजे माल बदलून १७ अंश वाचले, पण ५१ वरही अनवाणी उभे राहता येत नाही. पट्ट्याच्या पश्चिमेला ७५ टक्क्यांची शेडनेट लावल्यावर सावलीतला पेव्हर ४४ वर आला. फरशी कितीही फिकी घेतली तरी विदर्भाच्या मे महिन्यात सावलीचा खर्च वेगळा धरावाच लागतो. तो आधीच्या अंदाजपत्रकात नव्हता.

पावसाळ्यात ईशान्येचा कोपरा ९ मिलिमीटर बसला. छताच्या पन्हाळीचे पाणी तिथे पडत होते. पन्हाळीला पाइप जोडला, चाळीसेक पेव्हर उचलून रेती भरली आणि पुन्हा बसवले. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. घसरल्याची तक्रार नाही. ग्रॅनाइट मात्र जरा जास्तच खरबरीत निघाला. काठावर कोपरे टेकून पाण्यात उभी राहणारी मुले खरचटून घेतात. ब्रशचा आणखी एक हात मारून घ्यायला हवा होता, आणि कडेची गोलाई मोठी.

क्षारांची रेषा संपली नाही, कमी झाली. बोअरच्या पाण्याची कठीणता ४८० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आली, तर पुलात ती २०० ते ४०० च्या दरम्यान असावी. उन्हाळ्यात रोज ९ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तरी ५० चौरस मीटरवरून ४५० लिटर गेले. चार महिन्यांत ५४ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ अख्खा पूल. पाणी उडते, चुना मागे राहतो. म्हणून आता पहिली भरती पावसाळ्यानंतर विहिरीच्या मऊ पाण्याने होते आणि बोअर फक्त भरपाईला. कॅल्शियमवाल्या क्लोरिन पावडरीऐवजी द्रव क्लोरिन, सामू ७.२ ते ७.६. रेषा आठवड्याला स्पंजाने पुसायची, चिकट झाली तर लिंबूफुलाचे पातळ पाणी, तेही फक्त टाइलवर. रात्री पुलावर झाकण घातले तर हे बाष्पीभवन बरेच कमी होईल. विहिरी खोल गेलेल्या या पट्ट्यात पूल बांधताना त्याचा खर्च पहिल्या यादीत असायला हवा.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी बचत जागेत होती. तोच पूल दोनशे पावलांवरच्या बरडावर असता तर पट्ट्याखालची ८५ घनमीटर माती, ७५ घनमीटर मुरूम, प्लास्टिकचा पडदा, यांतले बहुतेक काही लागले नसते. साधा खरबरीत कोटाही तिथे टिकला असता, डाग सोसायची तयारी असेल तर. बाग दिसण्यासाठी मोजलेली किंमत मालकांनी नंतर हिशोबाला बसून काढली. जागा तरीही बदलली नसती असे त्यांचे म्हणणे आहे, आणि पाहुणे फोटो कुठे काढतात हे पाहिले तर त्यांचे अगदीच चूक नाही.

उष्णतेची चाचणी मे महिन्यात व्हायला हवी होती. ऑक्टोबरच्या ४२ अंशांवरून सगळ्यांना वाटले की प्रश्न सुटला. मेमधले ५१ आधी दिसले असते तर शेडनेटचे खांब पेव्हर बसवण्याआधीच पुरले गेले असते. नंतर ते पुरायला नव्या पट्ट्यात सहा ठिकाणी खणावे लागले.

पाय धुवायची जागा राहून गेली. फिक्या फरशीवर काळ्या मातीचे ठसे पहिल्याच पावसात उठले. अंगणातून पट्ट्यावर येताना एक मीटर लांब, वीतभर खोल पाण्याचा हौद केला की भागते, पण त्याचे पाणी नालीत जायला पाइप आधी टाकलेला असावा लागतो. तो आता कर्ब फोडून टाकायचा आहे.

टाइल्सची चार खोकी आणि पेव्हरची एक पॅलेट जास्त घेऊन ठेवली आहे, खोक्यांवरचे बॅच नंबर लिहून. निळ्या टाइल्सच्या वेळी हे केले नव्हते. दुसऱ्या वर्षी जुळणारी निळी छटा नागपूरच्या बाजारात मिळाली नाही, म्हणून पडलेल्या जागा तशाच राहिल्या आणि शेजारच्या टाइल्समागे पाणी शिरत गेले.